रूट कॅनलनंतरही दाढ दुखत राहते तेव्हा कारण कसे शोधावे

रूट कॅनल म्हणजे दाताची नस काढून टाकणे, असे आपण सर्रास म्हणतो. त्यामुळे उपचार पूर्ण झाल्यावर तीच दाढ पुन्हा ठणकू लागली की पहिला प्रश्न हाच पडतो, की नसच काढली असेल तर आता दुखते तरी काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातूनच पुढचा सगळा शोध सुरू होतो. उपचारात दाताच्या पोकळीतली आणि मुळांच्या नलिकांमधली मज्जा, म्हणजे बोलताना आपण जिला नस म्हणतो ती, काढली जाते. परंतु मूळ आणि त्याला धरून ठेवणारे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, आणि त्या पडद्यात दाब व वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंचे दाट जाळे असते. हा पडदा रूट कॅनलनंतरही जागच्या जागी राहतो. म्हणजे उपचार झालेल्या दाताची थंड-गरम ओळखण्याची क्षमता जाते, पण दाब जाणण्याची क्षमता बहुतांशी शाबूत राहते. एवढी एक गोष्ट मनात पक्की ठेवली, की ‘दुखते’ या एका शब्दात कोंबलेल्या पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी सुट्या करता येतात.

मी दंतवैद्य नाही. माझ्या खालच्या एकाच दाढेने तीन वर्षांत मला दोनदा छळले, दोन्ही वेळा कारण निराळे निघाले आणि दुसऱ्या वेळी तर चुकीच्या दाढेवर पुन्हा उपचार होता होता राहिला. त्या अनुभवानंतर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले ते येथे मांडत आहे. निदान दंतवैद्यानेच करायचे असते. मात्र निदानाला लागणारी निम्मी माहिती रुग्णाकडे असते आणि ती नीट सांगता आली नाही तर उत्तम दंतवैद्यही अंधारात चाचपडतो.

पहिले काही दिवस

उपचारानंतर लगेच होणारे दुखणे हे बहुतेक वेळा बिघाडाचे लक्षण नसते. नलिका साफ करताना बारीक फाइल मुळाच्या टोकापर्यंत फिरवल्या जातात, सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणाने आतला भाग वारंवार धुतला जातो, आणि या खटाटोपात थोडासा गाळ किंवा नलिका बंद करताना वापरलेल्या सीलरचा अंश टोकाबाहेर सरकला तर तिथल्या ऊती सुजतात. ही सूज त्याच पातळ पडद्यात येते. चारी बाजूंनी हाड आणि दात असल्यामुळे तिला पसरायला जागा नसते, म्हणून दाढ किंचित वर आल्यासारखी वाटते आणि तिच्यावर दाब पडला की कळ येते. हे दुखणे साधारणपणे पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक असते आणि आठवडाभरात बरेचसे ओसरते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांनुसार २४ तासांनंतर सुमारे ४० टक्के रुग्णांना काही ना काही दुखणे असते, आणि सात दिवसांनंतर हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास येते. उपचारापूर्वी दाढ जितकी जास्त दुखत होती, तितके नंतरचे दुखणेही अधिक राहण्याची शक्यता असते.

या काळात दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा त्याच्या उताराकडे लक्ष द्यावे. तिसरा दिवस दुसऱ्यापेक्षा बरा आणि पाचवा तिसऱ्यापेक्षा बरा असेल तर दाढ आपल्या गतीने शांत होत आहे. उलट चौथ्या-पाचव्या दिवशी ठणका नव्याने सुरू झाला, किंवा दहा दिवस उलटूनही तो होता तेवढाच आहे, तर थांबून राहण्यात अर्थ नाही. मी वहीत रोज रात्री एक ओळ लिहीत असे: दिवसभरात किती वेळा दुखले, कशाने सुरू झाले, किती मिनिटे टिकले आणि गोळी लागली का. वेदनेची स्मृती फार लबाड असते. आज दुखत असले की पूर्ण आठवडा दुखत होते असे वाटते आणि दवाखान्यात खुर्चीवर बसताच नेमके काहीच आठवत नाही.

थांबू नये अशी परिस्थिती कोणती, हे मात्र आधीच माहीत असावे. गालाची सूज वाढत जाऊन डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरू लागणे, ताप व थंडी, तोंड उघडता न येणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, जिभेखालचा भाग सुजून टणक होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे; गळ्याच्या बाजूला पसरलेला दातांचा संसर्ग श्वासमार्ग बंद करू शकतो. तसेच भुलीचा परिणाम काही तासांत उतरायला हवा. खालच्या दाढेच्या उपचारानंतर दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर भरलेले द्रव्य जबड्यातून जाणाऱ्या नसेपर्यंत पोहोचले आहे का, हे तातडीने पाहावे लागते. अशा वेळी पहिले काही तास आणि दिवस फार मोलाचे असतात.

गोळ्यांविषयी

दाताच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी चांगली लागू पडते, कारण दोन्ही औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात. आयबुप्रोफेन सूज कमी करते, आणि येथे दुखण्याचे मूळ सूजच असते. प्रौढ व्यक्तीला सामान्यतः ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र सुचवले जाते, तेही काही खाल्ल्यानंतर. पहिले दोन दिवस कळ असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या अंतराने गोळी घेतल्यास एकूण गोळ्या कमी लागतात, असा माझा अनुभव आहे. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिनने बळावणारा दमा किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉलची निरोगी प्रौढासाठीची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे, यकृताचा आजार असल्यास त्याहून बरीच कमी, आणि सर्दीतापाच्या अनेक गोळ्यांमध्येही तेच औषध असते, हे विसरले जाते.

अँटिबायोटिकचा आग्रह हा या विषयातला सर्वांत हट्टी गैरसमज आहे. सूज नाही, ताप नाही, केवळ चावताना दुखते, अशा दाढेवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. नलिकांमध्ये रक्तप्रवाहच उरलेला नसल्यामुळे आत राहिलेल्या जंतूंपर्यंत ते औषध पोहोचत नाही आणि निव्वळ दाहामुळे होणाऱ्या वेदनेवर ते वेदनाशामकही नाही. तीन दिवस गोळ्या घेऊन ‘बरे वाटले’ असे पुष्कळ जण सांगतात, परंतु त्या तीन दिवसांत दाढ आपोआप शांत होणारच होती. लवंगेच्या तेलाचीही तीच कथा आहे. ते जिवंत नसेची कळ काही काळ बधिर करते. येथे नस नाही, आणि हिरडीवर लावलेले तेल हिरडी भाजते एवढेच. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवल्यास तर तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघते.

चावल्यावरच दुखते

आपोआप काही होत नाही, रात्री झोप लागते, पण त्या बाजूने घास चावला की दाढेत कळ जाते, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी तपासायची गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडेच दुर्लक्ष होते: भरलेले सिमेंट किंवा बसवलेली कॅप किंचित उंच तर नाही ना? तोंड मिटताना बाकीचे दात एकमेकांना लागण्यापूर्वी ही एक दाढ समोरच्या दाढेवर आपटत असेल, तर दिवसभरात शेकडो वेळा तिला ठोसा बसतो आणि आधीच सुजलेला पडदा बरा व्हायला उसंतच मिळत नाही. उंची किती असावी लागते? केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक दातांना जाणवतो. पण भूल असताना तो आपल्याला कळत नाही, आणि नेमके त्याच अवस्थेत आपल्याला ‘दात मिटून पाहा, बरोबर लागतात का’ असे विचारले जाते. आपण मान डोलावतो आणि घरी येतो.

माझ्या पहिल्या दुखण्याचे कारण हेच होते. अकरा दिवस मी त्या दाढेला जपत, एका बाजूने चावत आणि गोळ्या घेत काढले. इंटरनेटवर वाचलेल्या प्रत्येक भयंकर शक्यतेचा विचार केला आणि शेवटी पुन्हा दवाखाना गाठला. दंतवैद्याने निळा कागद दातांमध्ये धरायला सांगितला, दाढेच्या एका टोकावर उमटलेला गडद ठिपका दोन वेळा घासून काढला आणि पाच मिनिटांत मला उठवले. दुसऱ्या दिवशी दुखणे निम्मे झाले आणि चौथ्या दिवशी राहिले नाही. एवढ्यासाठी अकरा दिवस वाया घालवले याची आजही चुटपुट लागते. घरी करता येण्याजोगी परीक्षा अशी: ताठ बसून दात हळूहळू मिटावेत, दाबू नयेत, आणि कोणता दात सर्वांत आधी टेकतो ते पाहावे. मग जबडा डावी-उजवीकडे सरकवून तेच पाहावे, कारण सरळ मिटताना बरोबर लागणारी दाढ बाजूला सरकताना अडखळू शकते. उंच वाटत असेल तर भूल नसताना जाऊन घासून घ्यावे.

उंची दुरुस्त झाल्यावरही चावताना दुखत असेल तर प्रश्न थोडा गंभीर होतो. दाबल्यावर कळ येते, की दाब सोडताना येते, याकडे बारकाईने लक्ष द्यावे. काही तरी कठीण चावून दात सोडताच सणक जाणे हे दाढेला तडा गेल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे, कारण चावताना उघडलेली भेग दाब जाताच पुन्हा मिटते. हे लक्षण प्रामुख्याने जिवंत नस असलेल्या दाढेत ठळक असते, पण उपचार झालेल्या दाढेतही तड्यामुळे चावताना एका विशिष्ट टोकावरच दुखू शकते. दंतवैद्य दाढेच्या एकेका टोकावर लहानसा कठीण तुकडा ठेवून चावायला सांगतो आणि नेमके कोणत्या टोकावर दुखते ते पाहतो. त्याने ही परीक्षा केली नाही तर तसे सुचवण्यात काही गैर नाही.

रूट कॅनल केलेला दात ‘वाळतो’ आणि म्हणून ठिसूळ होतो, असे बोलले जाते. प्रत्यक्षात ओलाव्यात पडणारा फरक नगण्य असतो. दात कमजोर होतो तो कीड काढताना आणि नलिकांपर्यंत वाट करताना त्याच्या भिंती गेल्यामुळे. मागच्या दाढांवर कॅप बसवायची ती या उरलेल्या भिंती चावताना एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून. दुखणे थांबले की कॅपचे काम पुढे ढकलायचे, मग विसरायचे, आणि वर्षभराने काही कठीण चावताना दाढ उभी चिरली की रूट कॅनलला दोष द्यायचा, हा क्रम इतका नेहमीचा आहे की त्याला रूट कॅनलचे अपयश म्हणणेच चुकीचे ठरेल.

तडा मुळातून उभा गेला असेल तर ती बातमी वाईटच असते. एकाहून अधिक मुळे असलेल्या दाढेचे क्वचित एखादे मूळ काढून बाकीची वाचवता येते, एरवी दात काढावाच लागतो. पण असा तडा एक्स-रेवर बहुधा दिसत नाही. त्याचा माग हिरडीवरून लागतो. दाताभोवती सगळीकडे हिरडी घट्ट असताना एकाच जागी मोजपट्टीची सळई अरुंद फटीतून खोल जाते, किंवा हिरडीवरचा पुवाचा फोड मुळाच्या टोकापाशी न येता दाताच्या मानेजवळ येतो. ही चिन्हे असताना पुन्हा रूट कॅनल करण्यात वेळ आणि पैसा दोन्ही फुकट जातात, म्हणून पुनरुपचाराला होकार देण्यापूर्वी ‘तड्याची शक्यता तपासली का’ हे विचारावे.

थंड-गरमाने कळ येते

वर सांगितलेली गोष्ट येथे कामी येते. ज्या दातात मज्जा नाही त्याला थंड पाणी कळूच शकत नाही. तरीही थंड घोटाने कळ येत असेल, तर शक्यता दोनच. एक, दुखणारा दात दुसराच कोणी आहे. दोन, या दातात कुठे तरी जिवंत मज्जा उरली आहे.

पहिली शक्यता जास्त वेळा खरी ठरते आणि ती पटायला जड जाते. दातांच्या मज्जेतून येणारी कळ मेंदूला नेमकी कुठून आली हे नीट सांगता येत नाही. खालच्या दाढेची कळ वरच्या दाढेत, अगदी कानातही जाणवते. (कळ मधली रेषा ओलांडून डाव्या बाजूची उजवीकडे जात नाही, एवढाच काय तो दिलासा.) दुसऱ्या दुखण्याच्या वेळी मी शंभर टक्के खात्रीने त्याच जुन्या दाढेवर बोट ठेवले होते. कॅप कापून पुन्हा रूट कॅनल करायची तारीखही ठरली होती. त्या दिवशी सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याने बर्फासारख्या थंड केलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक दात तपासला, आणि शेजारच्या दाढेला बोळा लागताच मी खुर्चीतून अक्षरशः उसळलो. तिच्या जुन्या सिमेंटखाली कीड गेली होती. थंडाची ही परीक्षा, प्रत्येक दातावर टकटक करून पाहणे आणि हिरडी बोटाने दाबून पाहणे, या तीन गोष्टींना दोन मिनिटे लागतात. त्या न करता केवळ रुग्णाच्या बोटावर विश्वास ठेवून उपचार सुरू होऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसरी शक्यता म्हणजे राहून गेलेली नलिका. दाताला किती मुळे आणि मुळात किती नलिका असाव्यात याचे सर्वसाधारण गणित असते, पण दात ते पाळतोच असे नाही. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांतल्या गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक लोकांमध्ये दुसरी, अतिशय बारीक नलिका असते. तिचे तोंड दाताच्याच द्रव्याखाली झाकलेले असते आणि नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. खालच्या पुढच्या दातांमध्ये एका मागे एक अशा दोन नलिका असू शकतात आणि समोरून घेतलेल्या एक्स-रेत त्या एकमेकींवर पडून एकच दिसतात. अशा सुटलेल्या नलिकेतली मज्जा जिवंत असेल तर गरम पदार्थाने रेंगाळणारी कळ येते. कालांतराने ती मेली की कळ थांबते, आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि काही महिन्यांनी मुळाशी पू होतो. मायक्रोस्कोपखाली काम करणारे एंडोडोंटिस्ट, म्हणजे केवळ नलिकांच्या उपचाराचे तज्ज्ञ, अशा नलिका शोधण्यात सरावलेले असतात. वरच्या दाढेचे दुखणे वारंवार उलटत असेल तर त्यांच्याकडे जाणे उचित.

महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटलेले दुखणे

दाढ दीर्घकाळ शांत राहून पुन्हा ठसठसू लागली, की बहुधा जंतू आत पोहोचलेले असतात. ते एक तर मागे राहिलेले असतात किंवा वरून नव्याने झिरपलेले. नलिका गटापर्चाने, म्हणजे रबरासारख्या एका पदार्थाने, भरल्या म्हणजे त्या कायमच्या सीलबंद झाल्या असे नव्हे; वरचे सिमेंट गळके असेल तर लाळेबरोबर जंतू हळूहळू खाली उतरतात. उपचाराच्या शेवटी घातलेले तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते. ते निम्मे झिजले, त्याचा तुकडा पडला किंवा तिथे घास अडकून वास येऊ लागला, तर दुखत नसले तरी दुसऱ्याच दिवशी जाऊन ते बदलून घ्यावे. जुन्या कॅपच्या कडेखाली कीड जाते तेव्हाही हेच घडते. कॅपला कीड लागत नाही हे खरे, पण कॅप जिथे संपते तिथे दात सुरू होतो.

हिरडीवर लहानसा फोड येतो, फुटतो, खारट-कडवट चव येते, मग तो बसतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा उगवतो. या फोडाने फारसे दुखत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षे तो अंगावर काढतात. खरे तर आतल्या पुवाला बाहेर पडायला वाट मिळाल्यामुळेच दुखणे कमी असते. हाडातला संसर्ग चालूच राहतो. फोड फोडून किंवा त्यावर मलम लावून काही साधत नाही. दंतवैद्य त्या छिद्रातून गटापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढतो आणि काडीचे टोक ज्या मुळाशी जाते ते मूळ दोषी ठरते. दोन शेजारच्या दाढांपैकी कोणती, हा वाद या परीक्षेने चटकन मिटतो.

एक्स-रे ‘स्वच्छ’ आहे म्हणून दाढ निर्दोष, असा निष्कर्ष मात्र काढू नये. हाडातला बराच खनिज भाग, ढोबळमानाने एक तृतीयांश ते निम्मा, झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर डाग उमटत नाही. शंका असल्यास निराळ्या कोनातून दुसरा एक्स-रे आणि त्यानंतर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन उपयोगी पडतो; सुटलेली नलिका त्यात चांगली दिसते. मात्र मुळात भरलेल्या गटापर्चामुळे आणि धातूच्या कॅपमुळे स्कॅनमध्ये खोट्या रेषा उमटतात, म्हणून केवळ स्कॅनवरून ‘तडा आहे’ असे ठरवू नये.

दात दुखतो, पण दोष दाताचा नाही

ज्यांच्या बाबतीत सहा महिने उलटूनही दुखणे राहते अशांचे प्रमाण अभ्यासांमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आढळते, आणि विशेष म्हणजे त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे कारण दातात नसते. हे वाक्य कोणी दवाखान्यात ऐकवले की रुग्णाला ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ असे ऐकू येते. तसे नसते. दुखणे खरेच असते, फक्त त्याचा उगम दुसरीकडे असतो.

वरच्या मागच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, अगदी भिडलेली असतात. सर्दीनंतर एक नव्हे तर तीन-चार दाढा एकदम जड वाटणे, खाली वाकल्यावर किंवा जिना उतरताना ठणका वाढणे, ही सायनसची लक्षणे आहेत. उलट वरच्या दाढेच्या मुळाशी असलेला संसर्गही सायनसमध्ये शिरू शकतो, त्यामुळे एकाच बाजूचे नाक महिनोन्महिने वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि दंतवैद्य दोघांनीही पाहायला हवे.

जबड्याचा स्नायू हे दुसरे, फार दुर्लक्षित कारण. उपचारासाठी तास-दीड तास तोंड उघडे ठेवल्याने किंवा झोपेत दात आवळण्याच्या सवयीने गालाच्या स्नायूत गाठीसारखे दुखरे बिंदू तयार होतात आणि त्यांची कळ थेट दाढेत जाते. सकाळी उठताच जबडा आखडलेला असणे आणि गालाचा स्नायू दाबल्यावर ‘हेच ते दुखणे’ असे वाटणे, यावरून ते ओळखता येते. मऊ खाणे, ओलसर उबेने गाल शेकणे (हे स्नायूसाठी, पुवाची सूज असेल तर शेकू नये) आणि गरज पडल्यास रात्री दातांवर घालायचा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारे आवरण, एवढ्यावर हे बहुधा आटोपते.

तिसरे कारण मज्जातंतूंचे. चेहऱ्यावर वारा लागल्याने, दाढी करताना किंवा दात घासताना हलक्या स्पर्शानेच विजेच्या झटक्यासारखी काही सेकंदांची कळ येत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतो. त्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा उपयोग होत नाही, कार्बामाझेपिनसारखी औषधे लागतात आणि ती मेंदूविकारतज्ज्ञ देतात. याहून वेगळे, सतत मंद जळजळीसारखे दुखणे, जे कशाने वाढत नाही आणि कशाने कमीही होत नाही, ते दुखावलेल्या मज्जातंतूंचे असू शकते. अशा रुग्णांच्या कहाण्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: आधी रूट कॅनल, मग पुन्हा रूट कॅनल, मग दात काढला, मग शेजारचा दात, आणि दुखणे मात्र तिथेच. या भोवऱ्यात सापडू नये यासाठी एक साधी परीक्षा आहे. त्या दाढेला भूल देऊन पाहावी. दाढ पूर्ण बधिर झाल्यावरही दुखणे जसेच्या तसे राहिले, तर त्या दाढेवर हत्यार चालवण्यापूर्वी प्रत्येकाने थांबावे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. चालताना किंवा श्रम करताना खालचा जबडा दुखू लागतो आणि विश्रांती घेताच थांबतो, सोबत छातीत दडपण किंवा घाम असतो, तर तो दात नसून हृदय असू शकते. तेव्हा दंतवैद्याकडे नव्हे, तातडीच्या वैद्यकीय मदतीकडे धाव घ्यावी.

पुढचा निर्णय

कारण दातातच आहे हे ठरल्यावर तीन मार्ग उरतात. पुन्हा रूट कॅनल करायचे तर जुना गटापर्चा काढून नलिका नव्याने साफ केल्या जातात, बऱ्याचदा मधल्या काळात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध भरून ठेवले जाते, आणि मग पुन्हा भरल्या जातात. नलिका सुटली असेल किंवा वरून गळती झाली असेल तर हा मार्ग सर्वांत सयुक्तिक आहे. नलिकेत मजबूत खिळा बसवलेला असल्यामुळे वरून जाणे धोक्याचे असेल, तर हिरडी उघडून मुळाचे टोक, साधारण शेवटचे ३ मिलिमीटर, कापून मागच्या बाजूने बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. मूळ चिरले असेल, किंवा वर कॅप धरायलाही दात उरला नसेल, तर तो काढणे हाच प्रामाणिक सल्ला. ‘काढूनच टाका एकदाचा’ असे कंटाळून म्हणावेसे वाटते, मीही म्हटले होते; परंतु कारण ठाऊक नसताना काढलेला दात परत बसवता येत नाही आणि दुखणे त्याच्याबरोबर जाईलच याची हमी नसते.

दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यायचे असेल तर उपचारापूर्वीचा, उपचारानंतरचा आणि आताचा, असे तिन्ही एक्स-रे मागून घ्यावेत. मुळाशी आधीपासून काळा डाग असेल तर तो भरून यायला कित्येक महिने, कधी एक-दोन वर्षेही लागतात, त्यामुळे दोन महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत तो तसाच दिसला म्हणून उपचार फसला असे होत नाही. युरोपातल्या एंडोडोंटिस्टांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वर्षाने एक्स-रे काढून पाहावा आणि डाग पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत त्यावर लक्ष ठेवावे. माझ्या दाढेचा डाग पहिल्या वर्षी निम्मा झाला होता. पुढचा एक्स-रे येत्या महिन्यात आहे.